घरपालट

न्यायदानाच्या कामातून मी मोकळा झालो त्याला आता बरीच वर्षे लोटली. पण ज्याने उभा जन्म दोन पक्षांची भांडणे ऐकण्यात घालविला त्याच्या कानाला ती सवयच लागून राहते. दोन माणसे तावातावाने बोलू लागली की त्यांतला वादी कोण आणि प्रतिवादी कोण, हे मी मनातल्या मनात ठरवू लागतो. माझ्या पत्नीला ही खोड मुळीच आवडत नसे. ‘घर म्हणजे कचेरी नव्हे,’ असे ती म्हणे, आणि तिच्या हयातीत घरातला एकही दावा माझ्यापुढे चालू शकला नाही. ती गेल्यानंतर २०१९ सालच्या वसंतात मी मुलीकडे लंडनला राहावयास गेलो. तेथे मात्र माझ्यापुढे असा एक दावा आला की त्याचा निकाल देऊनही तो माझ्या मनातून निकालात निघालेला नाही.

मुलीचे बिऱ्हाड लंडनच्या उत्तर भागात आहे. त्या भागात फुटबॉलचे दोन बलाढ्य संघ जवळजवळ नांदतात, एक आर्सेनल आणि दुसरा टॉटनहॅम. आणि त्यांचे वैर भाऊबंदकीइतकेच जुने व तितकेच निरर्थक आहे. आमचे जावई विद्यार्थी म्हणून या शहरात आले तेव्हा त्यांनी आर्सेनलच्या मैदानाजवळ खोली घेतली होती. शनिवारी दुपारी खिडकीतून येणारा हजारो कंठांचा घोष ऐकून ऐकून ते आर्सेनलचे झाले. नातवाची शाळा मात्र टॉटनहॅमच्या वस्तीत. त्यामुळे एकाच ताटातली पोळी मोडून खाणारे हे बापलेक आठवड्यातून एकदा एकमेकांचे शत्रू होत. मी दोघांचेही ऐकून घेई आणि वरणभात जेवून उठे. फुटबॉलमधले मला त्या वेळी इतकेच कळत होते की चेंडू हाताने धरावयाचा नसतो.

१२ मे २०१९ हा त्या वर्षीच्या हंगामाचा शेवटचा दिवस. संध्याकाळी गुणांचा अखेरचा तक्ता लागला. त्यात टॉटनहॅम ७१ गुणांनी चौथे आणि आर्सेनल ७० गुणांनी पाचवे होते. एका गुणाचे ते अंतर. पण त्या वेळी पहिल्या चारांना युरोपच्या थोर स्पर्धेत सरळ प्रवेश मिळत असल्याने चौथा आणि पाचवा यांच्यामध्ये उंबरठ्याइतके अंतर होते, आत आणि बाहेर एवढे. नातू नाचू लागला. जावई शांतपणे उठले, माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, “अप्पा, आपण इतकी वर्षे न्यायाधीश होता. मला एवढेच सांगा, ज्या संघाने हंगामाच्या मध्यावर आपले घर बदलले, त्याचा हा एक गुण न्यायाचा आहे का?”

दावा दाखल झाला होता. मी चष्मा लावला.

वाचकांपैकी पुष्कळांना ही हकीकत ठाऊक नसेल, म्हणून ती थोडक्यात सांगतो. या लीगमध्ये वीस संघ असतात व प्रत्येकाने ३८ सामने खेळावयाचे असतात. १९ आपल्या मैदानावर आणि १९ परक्याच्या. हे ‘आपले मैदान’ म्हणजे नुसती सोयीची जागा नव्हे. तेथले गवत पायाखालचे असते, कोणत्या कडेने वारा येतो हे माहीत असते, आणि भोवतालची माणसे आपली असतात. पंचानेही मनुष्यच असावे असा नियम असल्याने त्याच्यावरही त्या गर्जनेचा काही परिणाम होत असावा. टॉटनहॅमचे मैदान १८९९ पासून व्हाइट हार्ट लेन येथे होते. तेथल्या अखेरच्या हंगामात, २०१६-१७ साली, या संघाने लीगमधले घरचे १७ सामने जिंकले, दोन बरोबरीत सोडविले आणि एकही गमावला नाही. नंतर ते मैदान पाडून त्याच जागी बासष्ट हजार प्रेक्षकांचे नवे क्रीडांगण उभारावयास घेतले. तोपर्यंत संघाने वेम्बली येथे बिऱ्हाड केले. वेम्बली हे सगळ्या देशाचे मैदान. तेथे नव्वद हजार माणसे बसतात. पण धर्मशाळा कितीही प्रशस्त असली तरी तिला कोणी घर म्हणत नाही.

नवे मैदान २०१८ च्या सप्टेंबरात उघडावयाचे होते. बांधकाम करणारा दिलेल्या तारखेला काम पुरे करीत नाही, हा नियम सदाशिव पेठेपुरताच आहे असे मी समजत होतो. तो टेम्सच्या काठीही लागू आहे. सुरक्षिततेच्या यंत्रणेत दोष निघाले आणि मुहूर्त पुढे पुढे जात राहिला. लीगच्या मंडळाच्या परवानगीवाचून हंगामात घरचे मैदान बदलता येत नाही. ती परवानगी मिळाली, आणि १९ पैकी १४ सामने वेम्बलीला झाल्यावर, ३ एप्रिल २०१९ रोजी, उरलेल्या पाचांसाठी टॉटनहॅम नव्या वास्तूत राहावयास आले. मधल्या काळात एका निराळ्या चषकाचा एक सामना तर त्यांना मिल्टन कीन्स या दूरच्या गावी जाऊन ‘घरचा’ म्हणून खेळावा लागला होता.

वादीचे म्हणणे असे. स्पर्धा न्याय्य केव्हा होते? प्रत्येकाला तोच प्रतिस्पर्धी त्याच स्थितीत भेटला तर. आर्सेनलला टॉटनहॅम भेटले ते परक्या, थंड धर्मशाळेत. आणि ब्रायटनला भेटले ते नव्या घरात, तोरणे बांधलेल्या दारात. म्हणजे एकाच परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्यांना दोन निरनिराळ्या प्रश्नपत्रिका मिळाल्या.

“पण बाबा,” प्रतिवादी ओरडला, “तुमच्या आर्सेनलला तर सोपी प्रश्नपत्रिका मिळाली! वेम्बलीला आम्हांला खेळायचे कठीण जात होते. मग तक्रार तुमची कशी?”

बारा-तेरा वर्षांच्या वकिलाचा हा मुद्दा मला बिनतोड वाटला. जावईबुवांना तो अगोदर सुचला नसावा. पण हाडाचा पक्षकार असल्या गोष्टीने खचत नाही. ते म्हणाले, माझी तक्रार आर्सेनलपुरती नाही, तत्त्वाची आहे. मनुष्य हरू लागला की तत्त्वाची गोष्ट काढतो, हे मी चाळीस वर्षे पाहत आलो आहे. परंतु त्यामुळे तत्त्व खोटे ठरत नाही. म्हणून मी नातवाकडून सगळ्या सामन्यांचा तक्ता मागवून घेतला आणि पुरावा तपासू लागलो.

वेम्बलीवरच्या १४ सामन्यांत नऊ विजय, एक बरोबरी, चार पराभव. विजयाला तीन गुण आणि बरोबरीला एक, या हिशेबाने २८ गुण झाले. नव्या मैदानावरच्या पाच सामन्यांत तीन विजय, एक बरोबरी, एक पराभव, गुण १०. मी भागाकार केला. पुन्हा केला. धर्मशाळेत दर सामन्याला बरोबर दोन गुण, आणि घरीही बरोबर दोनच. दशांश चिन्हाच्या पुढे काही नाही. मी कागद पुढे सरकविला तेव्हा बापलेक दोघेही क्षणभर गप्प झाले. असे गप्प झालेले पक्षकार मला आयुष्यात क्वचितच पाहावयास मिळाले होते.

जावई लवकर सावरले. “सरासरीने फसू नका, अप्पा. कोण कोठे खेळले ते पाहा.” आणि हे म्हणणे खरे होते. लिव्हरपूल, मँचेस्टरचे दोन्ही संघ, चेल्सी व आर्सेनल, असे सगळे मोठे पाहुणे वेम्बलीला येऊन गेले होते. नव्या घरी आले ते क्रिस्टल पॅलेस, हडर्सफील्ड, ब्रायटन, वेस्ट हॅम व एव्हर्टन. आणि त्यांतल्या हडर्सफील्डची तर खालच्या वर्गात उतरण्याची शिक्षा आधीच कायम झालेली होती. दुबळ्या पाहुण्यांकडून दहाच गुण मिळवावे, आणि त्यातही वेस्ट हॅमने येऊन नव्या वास्तूतला पहिला पराभव पदरात घालावा, यावरून घराचा फायदा काही फारसा झालेला दिसत नव्हता. पण तसे म्हणणे हाही पुन्हा तर्कच. मग मी तळाकडे पाहिले. वर चढणाऱ्याच्या एका गुणाविषयी बोलणारे पुष्कळ असतात, बुडणाऱ्याचा गुण कोणी मोजीत नाही. सतराव्या जागी ब्रायटन ३६ गुणांनी वाचले होते आणि अठराव्या जागी कार्डिफ ३४ गुणांनी बुडाले होते. खरा अन्याय झाला असेल तर येथे. कार्डिफ टॉटनहॅमकडे गेले होते ते वेम्बलीला, आणि ०-१ ने हरले. ब्रायटन गेले नव्या मैदानावर, आणि अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटापर्यंत दम धरून तेही ०-१ नेच हरले. काळानेच जणू दोन्ही पारडी सारखी केली होती.

आता राहिला आर्सेनलचा सामना. २ मार्च, वेम्बली, १-१. तक्त्यात एवढेच होते. पण साक्षीदार फुटल्याप्रमाणे नातवाने पुढची हकीकत सांगितली. सामना संपता संपता आर्सेनलला पेनल्टी मिळाली होती. ओबामेयांगने ती मारली आणि टॉटनहॅमच्या लोरीसने अडविली. मी बेरीज केली. तो चेंडू आत गेला असता तर आर्सेनलचे ७२ आणि टॉटनहॅमचे ७० गुण झाले असते.

“जावईबुवा,” मी म्हणालो, “आपला गुण टॉटनहॅमच्या नव्या घरात हरवलेला नाही. तो वेम्बलीच्या गवतावर, गोलापासून बारा यार्डांवर पडलेला आहे.”

ते हसले, पक्षकार हसला म्हणजे न्यायाधीशाने निकाल द्यावा. मी निकाल दिला, तो असा. मैदान बदलण्याची वेळ जर संघाने आपल्या सोयीने निवडली असती, म्हणजे बलवान पाहुणा यावयाचा त्याच आठवड्यात घर उघडले असते, तर तो अन्याय झाला असता. येथे वेळ ठरविली ती विजेच्या तारांनी आणि सुरक्षिततेच्या दाखल्याने. शिवाय तो दाखला मिळण्याआधी दोन लहान सामने भरवून कसोटी द्यावी लागली. विलंबाचा भुर्दंड मुख्यतः ज्याचा विलंब त्यालाच बसला. ऑक्टोबरात तर अमेरिकन फुटबॉलवाल्यांनी आदल्या दिवशी तुडवून ठेवलेल्या वेम्बलीच्या मातीवर, त्यांच्या रेघांच्या खुणा अजून दिसत असताना, टॉटनहॅमला मँचेस्टर सिटीशी खेळावे लागले व ते हरले. मात्र दोन्ही मैदानांची सरासरी सारखी निघाली हा योगायोग आहे आणि योगायोगाला न्याय म्हणता येत नाही. म्हणून मंडळाने यापुढे अशी परवानगी देताना हंगाम सुरू होण्यापूर्वीच घरपालटीची तारीख बांधून घ्यावी, आणि ती हुकली तर संघाने वर्षभर धर्मशाळेतच राहावे. दावा खर्चासह रद्द. खर्च म्हणजे सर्वांना आइसक्रीम.

माझी मुलगी इतका वेळ पलीकडे कपड्यांना इस्त्री करीत होती. ती म्हणाली, “म्हणजे मध्येच घर बदलल्याने कोणाचे काही बिघडत नाही, असाच ना निकाल?” मी होय म्हणालो. तिने इस्त्री उभी करून ठेवली आणि घड्या घातलेले कपडे घेऊन ती वर गेली. मला त्यात काही विशेष वाटले नाही.

आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत असत. हेही माझ्यासारखेच विधुर व माझ्यासारखेच मुलीकडे राहावयास आलेले. तेवढ्या बळावर आमची मैत्री जमली होती. त्यांचे आयुष्य नदीच्या दक्षिणेस, चार्लटन नावाच्या वस्तीत बस चालविण्यात गेलेले. दुसऱ्या दिवशी बागेतल्या बाकावर मी त्यांना आमच्या न्यायालयाची हकीकत मोठ्या खुशीत सांगितली. त्यांनी ती लक्षपूर्वक ऐकली आणि विचारले, “साक्षीदार म्हणून बोलावले कोणाला?”

“तक्त्याला,” मी म्हणालो.

“तक्ता मैदानावर जात नाही,” ते म्हणाले. आणि मग त्यांनी मला जे सांगितले ते मी नंतर वाचूनही पाहिले. त्यात त्यांनी काही पदरचे घातलेले नव्हते.

चार्लटन अ‍ॅथलेटिक या संघाचे मैदान व्हॅली या नावाचे. टेकडी खोदून केलेल्या त्या प्रचंड खळग्यात १९३८ साली एकदा पंचाहत्तर हजारांवर माणसे सामना पाहावयास उभी राहिली होती. पुढे संघाला वाईट दिवस आले; १९८४ त दिवाळे निघता निघता वाचले. संघ एका मालकाचा आणि जमीन दुसऱ्याची, अशी स्थिती झाली. सुरक्षिततेच्या कारणाने पूर्वेकडचा उतार बंद झाला. पश्चिमेकडच्या सज्जामागची जमीन धन्याने परत मागितली. ७ सप्टेंबर १९८५ रोजी सामन्याला आलेल्या लोकांच्या हातांत दारावर एकेक पत्रक पडले. आपण येथून जात आहोत. यापुढे घरचे सामने क्रिस्टल पॅलेसच्या सेलहर्स्ट पार्कवर होतील. त्या दिवशी पाहुणा संघही क्रिस्टल पॅलेसच होता. दोन आठवड्यांनी, २१ सप्टेंबरला, स्टोकविरुद्धचा सामना २-० ने जिंकून संघ व्हॅली सोडून गेला. हंगाम नुकता कोठे सुरू झाला होता.

“आता तुमचा तक्ता काय म्हणतो ते सांगतो,” म्हातारा म्हणाला. “त्याच हंगामाच्या अखेरीस आम्ही दुसरे आलो आणि वरच्या वर्गात चढलो. कित्येक वर्षांत जे जमले नव्हते ते दुसऱ्याच्या घरात जमले. तुमच्यासारख्या न्यायाधीशाने पाहिले असते तर म्हटले असते, यांचे काहीच नुकसान झाले नाही. उलट फायदा झाला.”

“आणि आपण? आपण सामन्यांना जात होता?”

“दोनदा गेलो. चालत जाण्याचे अंतर होते ते दोन गाड्या बदलण्याचे झाले. पण अंतराचे काही नाही. मी बस हाकणारा माणूस, मला अंतराची भीती नाही. तेथे गेल्यावर उभे कोठे राहावे ते कळेना. व्हॅलीत माझी जागा ठरलेली होती. माझ्या उजवीकडे कोण, डावीकडे कोण, हेही. त्यांची नावे मला माहीत नव्हती, आणि विचारण्याची कधी गरजही पडली नव्हती. संघ हलला तेव्हा ती माणसे हरवली. नाव माहीत नसलेल्या माणसाला शोधावे कसे?”

मी काही बोललो नाही. मग त्यांनी उरलेली गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना त्यांचा आवाज चढला. ओसाड मैदानात झाडाझुडपांचे रान माजले होते. १९८९ च्या वसंतात संघ परत येणार अशी बातमी आली तेव्हा लोक आपापली कुदळ-फावडी घेऊन आले, त्यांनी ते रान उपटले आणि मैदानाच्या मध्यावर त्याची होळी केली. पुढे तेथल्या नगरसमितीने बांधकामाचा आराखडा नाकारला, तेव्हा या लोकांनी काय करावे? १९९० च्या निवडणुकीत ‘व्हॅली पार्टी’ या नावाचा आपला स्वतंत्र पक्ष उभा केला. मागणी एकच, आमचे मैदान आम्हांला द्या. त्या पक्षाला १४,८३८ मते पडली. एकही जागा मिळाली नाही, पण पुढल्या वर्षी आराखडा मंजूर झाला. ५ डिसेंबर १९९२ रोजी पोर्ट्‌स्मथविरुद्ध खेळून, कॉलिन वॉल्शच्या एकुलत्या गोलने जिंकून, चार्लटन सात वर्षांनी आपल्या घरी आले.

“डिसेंबरात,” मी म्हणालो.

“डिसेंबरात. ऐन हंगामाच्या मध्यावर. त्याआधीचे घरचे सामने आम्ही वेस्ट हॅमच्या मैदानावर खेळत होतो. तुमच्या जावयाने त्या दिवशी व्हॅलीत येऊन सांगावयाचे होते की हे अन्यायाचे आहे म्हणून!” म्हातारा इतका हसला की त्याला खोकला आला. खोकला थांबल्यावर तो म्हणाला, “आणि त्यांना हेही सांगा की, त्यांचे आर्सेनल मूळचे आमच्या शेजारचे. वूलिचच्या तोफांच्या कारखान्यातल्या कामगारांनी काढलेला तो संघ. १९१३ साली तो प्लमस्टेडचे मैदान सोडून नदी ओलांडून येथे उत्तरेला, टॉटनहॅमच्या उशाशी येऊन बसला. टॉटनहॅमने हरकत घेतली, कोणी ऐकली नाही. मात्र गेले ते उन्हाळ्यात, दोन हंगामांच्या मध्ये. अगदी नियमाप्रमाणे.”

त्या दिवशी मी बागेतून फार सावकाश घरी आलो. माझ्या निकालात दोष राहिला होता, आणि तो बेरजेचा नव्हता. मी वादी-प्रतिवादी म्हणून दोन संघांना समोर उभे केले आणि त्यांच्यापुरता हिशेब चुकता केला. एका संघाने दुसऱ्याला फसवू नये एवढ्यासाठी तो नियम असतो, आणि तेवढे काम तो ठीक करतो. पण १९१३ साली कॅलेंडर सांभाळून वूलिचच्या हजारो कामगारांचा संघ नेला, त्यात नियमाला काही वावगे दिसत नाही. आणि १९९२ त चार्लटनची माणसे रडत रडत घरी आली, ती मात्र नियमाच्या दृष्टीने खटकणारी गोष्ट. टॉटनहॅमच्या लोकांचेही तसेच. ते त्याच गल्लीत, त्याच मातीवर परत आले. त्यांना आणखी दीड महिना धर्मशाळेत ठेवून कोणत्या न्यायदेवतेचे समाधान झाले असते? तारीख बांधून घ्या, ती हुकली तर वर्षभर बाहेर राहा, हा माझा हुकूम मला आता कोर्टाच्या रखवालदाराने काढल्यासारखा वाटू लागला. इतके मात्र खरे की, जावईबुवांच्या तत्त्वाला त्यामुळे उत्तर मिळत नाही. दोन प्रश्नपत्रिका त्या दोन प्रश्नपत्रिकाच. तो अन्याय लहान आहे असे मी म्हणू शकतो, नाही असे म्हणू शकत नाही.

रात्री जेवताना मी बापलेकांना निकालाचा फेरविचार करणार असल्याचे सांगितले, आणि चार्लटनची हकीकतही. प्लमस्टेडची गोष्ट ऐकून नातू जितका आनंदला तितके जावईबुवा विरस झाले. मात्र लढाईच्या काळात आर्सेनलचे मैदान सरकारने घेतले तेव्हा टॉटनहॅमनेच त्यांना आपल्या मैदानावर आसरा दिला होता, हे त्यांनी प्रांजळपणे कबूल केले. मुलगी वाढत होती. ती म्हणाली, “त्या आजोबांना निदान पत्रक तरी मिळाले.”

या वेळी मात्र मला कळले.

१९८४ च्या नोव्हेंबरात माझी बदली झाली, दापोलीहून मेहकरला. मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. तिची शाळा चांगली चालली होती, आणि शाळेच्या खो-खोच्या संघात ती होती. डिसेंबरात तालुक्याचे सामने व्हावयाचे होते. माझ्या बरोबरीचे पुष्कळ अधिकारी अशा वेळी मुलाबाळांना एप्रिलपर्यंत जुन्या गावी ठेवीत आणि स्वतः खाणावळीत जेवीत. मलाही तसे करता आले असते. घरमालक भला होता. त्याने तसे सुचविलेही. पण मला खाणावळीचे जेवण सोसत नाही, आणि कचेरीतून आल्यावर घरात दिवा लागलेला नसला तर मला करमत नाही. मी सरकारी हुकूम पुढे केला. हुकूम माझ्या बदलीचा होता, तिच्या नव्हे. सामान ट्रकमध्ये भरताना ती कोठे आहे म्हणून शोधले, तेव्हा ती शाळेच्या मैदानावर एकटीच खांबाला वळसे घालीत होती. मी तिला हाक मारली. दुसऱ्या हाकेला ती आली. तिने त्या वेळी काही विचारले नाही, आणि त्यानंतरच्या पस्तीस वर्षांत मीही काही विचारले नाही. वार्षिक परीक्षेत ती मेहकरलाही वरच्या नंबराने पास झाली होती. त्यावरून मी समजलो की काही बिघडलेले नाही.

“दापोलीला तांबडी माती होती,” ती नातवाला सांगत होती. “पाय कोठे रोवायचा आणि कोठे घसरू द्यायचा, हे डोळे मिटून कळायचे. मेहकरला काळी जमीन. हिवाळ्यात तिला भेगा पडायच्या. मी पहिल्याच दिवशी खांबाशी वळताना पडले, आणि सगळ्या मुली हसल्या.”

“मग दापोलीचा संघ जिंकला का, आई?”

“कोण जाणे. कोणाचे पत्र आले नाही.”

“आणि मेहकरचा?”

“त्या वर्षी मला संघात घेतलेच नाही. संघ आधीच ठरला होता. पुढच्या वर्षी घेतले.”

“मग?”

“मग अप्पांची पुन्हा बदली झाली,” ती म्हणाली, आणि भात आणावयास आत गेली.